शिवण, माणगा आणि ग्रे कापड : एका हलक्या होडीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, कुडाळ

आराखडा आज पक्का झाला. दोन्ही टोकं निमुळती, वरून उघडी होडी. लांबी ४.२ मीटर, मधली रुंदी ७५ सेंमी, मध्यावर खोली ३० सेंमी. आत लाकूड आणि बांबूचा सांगाडा, त्यावर पॉलिएस्टरचं कापड, कापडावर पॉलियुरेथेनचा लेप. वजन १५ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. या आकड्यावर मी अडून बसणार आहे, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात. याच मापाची साच्यातली प्लॅस्टिकची होडी सहज ३० किलो भरते. ती उचलायला दुसरं माणूस लागतं, मग ते माणूस मोकळं असेल तेव्हाच होडी पाणी बघते. मला सकाळी कामावर जायच्या आधी एकटीने गाडीच्या टपावर चढवून कर्लीच्या खाडीकाठी वालावलला नेता आली पाहिजे.

कागदावरचा हिशेब असा : काठाच्या दोन पट्ट्या ३ किलो, लांबीच्या सात पट्ट्या साडेतीन, बांबूच्या फासळ्या २, नाळी (दोन्ही टोकांची उभी लाकडं), आडव्या दांड्या आणि तळाची जाळी मिळून अडीच, कापड दीड, लेप दोनच्या आत. एकूण साडेचौदा. अर्धा किलो हातचा.

होडी, मी आणि थोडं सामान मिळून ९५ किलो धरले तर गोड्या पाण्यात ९५ लिटर पाणी बाजूला सारावं लागेल, खाऱ्या पाण्यात दोनेक लिटर कमी. या आकारात त्यासाठी होडी सुमारे १० सेंमी बुडेल. खाडीत ओहोटीला पुळणीवर जेमतेम वीतभर पाणी उरतं, त्यातूनही ती निघेल.

१७ नोव्हेंबर

वखारीत अर्धा दिवस. इकडे होडी म्हटलं की साग, आंबा, फणस. साग टिकतो, पण घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास जातो. माझ्या पट्ट्या सागाच्या केल्या तर दोन किलोहून जास्त भर पडेल. पाईन हलकं आहे, पण पॅकिंगच्या खोक्यांतून आलेल्या पाईनला हातभर अंतरावर गाठ असतेच, आणि १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत गाठ म्हणजे मोडायची जागा. शिवण घेतली. हलकी, हवेतल्या ओलीने फार फुगत-आकसत नाही, रंध्याला गोड. वखारवाल्याला आधी वाटलं ढोलकीसाठी हवी आहे.

लाकूड निवडताना मी फक्त रेषा बघत होते. फळीच्या कडेवर रेष एका टोकाला शिरून दुसऱ्या टोकापर्यंत कडेतून बाहेर न पडता गेली पाहिजे. रंग, डाग, चिरण्याच्या खुणा याने काही बिघडत नाही. अशा पट्टीला पायावर वाकवून बघितलं तर ती एकसारखी कमान घेते. रेष बाहेर पडलेली पट्टी तेवढ्या जागीच जास्त दुमडते, ते हाताला कळतं.

२४ नोव्हेंबर

फळ्या २.४ मीटरच्या, पट्ट्या ४.३ मीटरच्या हव्यात. त्यामुळे प्रत्येक पट्टीला एक तिरपा सांधा. उतार आठास एक : १२ मिलिमीटर जाडीला ९६ मिलिमीटर लांब. उतार रंध्याने एकदम सगळ्या पट्ट्यांचा केला. पायऱ्यांसारख्या एकीमागे एक सरकवून बांधल्या आणि एकच सलग उतार मारला, म्हणजे कोन सगळ्यांचा सारखा. इपॉक्सीचा एक पातळ हात लाकडाला पिऊ द्यायचा, मग थोडं लाकडाचं पीठ घातलेली दाट इपॉक्सी. दाब बेताचा. जास्त आवळलं की गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

सांधे पुढे-मागे येतील अशी विभागणी लिहून ठेवली. एकाच फासळीजवळ दोन सांधे येऊ द्यायचे नाहीत.

१ डिसेंबर

आज बांबू. गावातल्या बुरूडकाम करणाऱ्या आबांकडे गेले. फासळ्यांसाठी परदेशात ओक किंवा ॲश वाफेवर वाकवतात. ती झाडं इथे नाहीत आणि ती आणायची गरजही नाही, आपल्याकडे माणगा आहे. सिंधुदुर्गात बांधाबांधावर असलेला हा बांबू जवळजवळ भरीव असतो, भिंत जाड, म्हणून त्यातून २० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड कामटी काढता येते. पोकळ जातीतून असली जाडी मिळत नाही.

आबांनी तीन वर्षांचा बांबू निवडला. कोवळा नको, चुरगळतो. फार जुना नको, तडकतो. "हिरवोच चिरूक व्हयो. सुकलो काय मोडतलो," म्हणाले. कोयता टोकाला रुतवला, मुठीने ठोकला, आणि मग पातं फिरवत नेण्याऐवजी बांबूच दोन्ही हातांनी उलट्या बाजूंना दाबत नेला. चीर एका बाजूला सरकायला लागली की जाड राहिलेल्या बाजूला जास्त वाकवायचं, चीर परत मधोमध येते. हे मी डोळ्यांनी तीन-चार वेळा पाहिलं आणि मग हाताने केलं. पेराजवळ हात थांबवायचा नाही.

आज अमावास्या. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं आबा मानतात. हंगामाचं कारण मला पटतं : पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात बेटाने साठवलेली पिठी खर्ची पडलेली असते, आणि भुंगा त्या पिठीसाठीच येतो. तरी त्यावर विसंबून न राहता कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक. कामट्या ओल्याच असल्यामुळे हे क्षार आतपर्यंत उतरतात.

१५ डिसेंबर

पडवीत लांब फळीवर पाच तात्पुरते साचे उभे केले. काठाच्या पट्ट्या त्यांच्यावर बसवल्या, दोन्ही टोकांना नाळ. मग फासळ्या. कामटी ओल्या फडक्यात गुंडाळून गॅसच्या ज्योतीवरून पुढे-मागे फिरवायची. बांबूची पाठ, म्हणजे सालीची चकचकीत बाजू, नेहमी बाहेरून. ताण बाहेरच्या बाजूला येतो आणि बांबूचे घट्ट धागे सालीलगतच असतात. आतली बाजू बाहेर ठेवून वाकवली तर तंतू उपसून येतात. तापली की कामटी एकदम नरम पडते. तेवढ्या क्षणात वळवून तिची टोकं काठाच्या पट्टीतल्या खाचांत घालायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. मधल्या फासळ्या सपाट तळाच्या, टोकाकडे जाताना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. टोकाच्या दोन जोड्या फार अरुंद, त्या ४ मिलिमीटरपर्यंत तासून घेतल्या.

संध्याकाळी पंधरा पावलं मागे जाऊन बघत बसले. डोळ्याला खटकणारी फासळी मोजपट्टीतही चुकीची निघते. दोन फासळ्या अर्धा सेंमी खाली घेतल्या.

२९ डिसेंबर

बांधणी सुरू आहे आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळतो आहे.

जिथे लांब पट्टी फासळीला ओलांडते तिथे दोऱ्याची गाठ. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंदही नाही. दोरा पॉलिएस्टरचा, मेण चोळलेला, चामड्याच्या कामासाठी मिळतो तोच. फुलीसारखे दोन वेढे एका कर्णावर, दोन दुसऱ्या कर्णावर, मग पट्टी आणि फासळी यांच्या मधून आडवे दोन वेढे. हे शेवटचे वेढे आधीच्या फुलीला आवळतात, सगळी घट्टाई त्यांत आहे. दोरा एका लाकडी दांडीला गुंडाळून ओढायचा, नाहीतर बोटं कापतात. मेणामुळे एक वेढा सोडून दुसरा घेईपर्यंत ताण सुटत नाही.

खिळा का नाही? १२ मिलिमीटरच्या पट्टीत भोक पाडलं की तिची ताकद त्या जागी कमी होते. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं आणि गंजासोबत भोवतीचं लाकूडही कुजवतं. तिसरं कारण मोठं. लाट आली की सांगाडा थोडा पिळतो. खिळ्याचा सांधा पिळला जात नाही, म्हणून तिथेच फाटतो. बांधलेला सांधा केसभर सरकतो आणि परत येतो, भार शेजारच्या सांध्यांना वाटला जातो, सुंभाच्या बाजेसारखा.

शेजारचे तांडेल काका येऊन बराच वेळ बघत बसले. आयुष्य देवबागच्या समुद्रात गेलेलं. म्हणाले, "खिळो एकव नाय?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "रापणीची व्हडी पण शिवलेलीच आसता. काथ्यान. लाटेर आपटली तरी मोडणा नाय." आणि मग त्यांनी सांगितलं की फळ्यांना कडेने भोकं पाडून, सांध्यावर काथ्याची वळी ठेवून, दोघे जण आतून-बाहेरून कसे शिवत जातात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला होडी भर लाटांतून किनाऱ्याला लागते आणि त्याच लाटांतून परत जाते. रोज वाळूवर आपटणाऱ्या होडीला ताठपणा परवडत नाही. पश्चिम किनाऱ्यावर शिवलेल्या होड्यांची रीत शेकडो वर्षांची आहे. ग्रीनलंडच्या कयाकमध्ये वाहून आलेल्या लाकडाचे तुकडे चामड्याच्या वादीने बांधतात, त्याची माहिती मी गेली कित्येक वर्षं जमवते आहे. बांधणीच्या कामाचा खरा जाणकार दोन घरं पलीकडे राहत होता.

काकांना कापडाची मात्र काळजी वाटते. "बाय, कपडो फाटलो तर?" मी त्यांना ऑस्कर स्पेकची गोष्ट सांगितली. १९३२ मध्ये जर्मनीतल्या उल्महून एक इलेक्ट्रिशियन घडीच्या कयाकमध्ये बसून निघाला. लाकडी सांगाडा, वरून रबर लावलेलं कापड. इराणच्या आखातातून कराचीला आला आणि तिथून आपल्या पश्चिम किनाऱ्याने १९३५ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोचला. १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरला, तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झाली. म्हणजे मालवणसमोरून कापडाची होडी एकदा गेलेली आहे. काका म्हणाले, "आणि पावसात?" त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने विचारायचा प्रश्न तोच.

१२ जानेवारी २०२५

सांगाडा पूर्ण. काट्यावर १० किलो ३०० ग्रॅम. हिशेबापेक्षा सातशे ग्रॅम कमी, नाळेचं लाकूड आतून कोरल्याचा फायदा.

जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, बोटाने प्रत्येक गाठीत जिरवून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती पाण्याच्या बादलीत टाकते, मग अंगणात सुटी पसरते.

१९ जानेवारी

कापड. सगळ्यांत जास्त विचार इथे केला.

बाहेरच्या देशांत अनेक जण नायलॉन वापरतात. नायलॉन चिवट, ताणला जातो, दगडावर घासला तरी सहसा फाटत नाही. पण नायलॉन ओल पितो. दमट हवेत तो सैल पडतो आणि कोरड्या हवेत परत आवळतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा होडीचं कातडं ढिलं राहणार. पॉलिएस्टर जवळजवळ ओल पीत नाही. धक्का सोसण्यात तो थोडा कमी, पण इथल्या हवेत आकार धरून ठेवणारा तोच. माझ्या दृष्टीने इथे दुसरा पर्याय नाही.

पॉलिएस्टरचा दुसरा गुण म्हणजे तो तापवला की आकसतो आणि आकसलेलाच राहतो. विमानांच्या पंखांवर कापड याच गुणावर बसवतात. अमेरिकेत मेन राज्यातल्या प्लॅट मॉन्फर्ट यांनी तेच विमानाचं हलकं कापड होड्यांना लावलं, आत काटक्यांइतक्या बारीक पट्ट्या आणि तिरपे केव्हलार या चिवट कृत्रिम तंतूचे धागे. त्यांच्या होड्यांचं वजन बघून मला हे काम करावंसं वाटलं. पण तितकं पातळ कापड कर्लीच्या खाडीत चालणार नाही. इथे खडकांवर आणि मासेमारीच्या खुंट्यांवर कालवं बसलेली असतात. कालवाची कड पायाला लागली तर टाके पडतात. म्हणून चौरस मीटरला ३०० ग्रॅमचं कापड.

दुकानात मिळणारं तयार पॉलिएस्टर आकसत नाही, कारण कारखान्यात स्टेंटर यंत्रावर त्याला आधीच उष्णता देऊन स्थिर केलेलं असतं. हवं ते ग्रे कापड : मागावरून उतरलेलं, ना धुतलेलं, ना रंगवलेलं, ना तापवलेलं. मावसबहिणीच्या ओळखीने भिवंडीहून आठ मीटर आलं. आधी जाळून पाहिलं. धागा वितळत काळा धूर सोडतो आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो, म्हणजे पॉलिएस्टर. सुताची भेसळ असती तर कागद जळल्याचा वास आणि राख आली असती.

मग ५० सेंमीचा चौकोन कापून इस्त्री. इस्त्रीच्या चकतीवरच्या खुणांवर भरवसा ठेवला नाही, तळाचं तापमान अवरक्त तापमापकाने मोजलं. १२० अंशाला थोडं आकसलं, १५० ला बरंच, १७५ ला एका बाजूने ४६ सेंमी उरलं. त्याच्या वर जायचं नाही, वर गेलं की धागा ताण सोडून देतो.

२६ जानेवारी

कापड चढवलं. भाचा मदतीला. सांगाडा पालथा, कापड मधोमध टाकून दोन्ही बाजूंनी हाताने ताणत काठाच्या पट्टीवर तांब्याच्या चुका, मध्यापासून टोकांकडे. लोखंडी पिना नकोत, पहिल्याच पावसाळ्यात लाल डाग आणि नंतर भोकं. नाळेवर कापडाचे दोन्ही पदर एकमेकांवर दुमडून, दुहेरी दोऱ्याने शिवले. वाकडी सुई, दर ६ मिलिमीटरला टाका. या टाक्यांना घाई चालत नाही.

२ फेब्रुवारी

इस्त्री. आधी सगळीकडे १२० अंश, मग १५०, मग शेवटची १७५. एका जागी पूर्ण ताण आणून पुढे गेलं तर कापड सांगाड्याला पिळतं, म्हणून तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत डाव्या बाजूचा हातभर भाग झाला की उजव्या बाजूचा. टोकाजवळच्या सुरकुत्या, ज्यांच्याकडे बघून भाचा गेल्या रविवारी निराश झाला होता, दुसऱ्या फेरीत डोळ्यांदेखत विरल्या.

९ फेब्रुवारी

लेप. दोन भागांचं पारदर्शक पॉलियुरेथेन. याला ओल चालत नाही, हवेतल्या पाण्याशी त्याची क्रिया होऊन बुडबुडे येतात. म्हणून दव उडाल्यावर अकरा वाजता सुरुवात आणि चारच्या आत शेवट. त्यातल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क पुरत नाही, वाफ शोषणाऱ्या डबीचाच लागतो. हातमोजे, आणि घरातल्या सगळ्यांना पडवीत यायला बंदी.

पहिला हात रबरी पट्टीने कापडात दाबून. धाग्यांच्या मधली छिद्रं भरणं एवढंच त्याचं काम. पुढचे तीन हात ओल्यावर ओले. पारदर्शक ठेवल्यामुळे उजेडात धरलं की आतल्या सगळ्या फासळ्या आणि गाठी दिसतात. होडीचं कुठे काय बिघडलं ते बाहेरूनच समजेल.

१५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पायसने तुंगभद्रेवरच्या गोल होड्या लिहून ठेवल्या आहेत : आत वेत, बाहेर चामडं, पंधरा-वीस माणसं नेणाऱ्या आणि सतत गरगर फिरणाऱ्या. हंपीला त्या आजही आहेत. चामड्याच्या जागी आता प्लॅस्टिकचं कापड आणि डांबर आलं आहे. सांगाडा तोच ठेवून कातडं बदलायची ही सोय मला फार मोलाची वाटते.

१६ फेब्रुवारी

वल्हं तासलं, शिवणीचंच. तळाच्या पठाणावर, म्हणजे मधल्या लांब कण्यावर, बाहेरून प्लॅस्टिकची घासपट्टी, कालवांसाठी. दोन्ही टोकांत हवा भरलेल्या ट्यूबा बांधल्या. हे टाळायचं नाही. कापडी होडी उलटली तर लाकूड तिला तरंगतं ठेवेल, पण आत पाणी भरलेली होडी माणसाला आधार देत नाही. वजन सगळं धरून १४ किलो १००.

२३ फेब्रुवारी, वालावल

दशमी, भांगाचं पाणी, म्हणून ओढ कमी. भरतीच्या शेवटच्या तासाला होडी कर्लीत घातली. लाइफ जॅकेट, कंबरेइतक्या पाण्यात आधी रिकामी होडी, मग मी.

बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती तळ. पाणी कापडाला पट्ट्यांच्या मधून आत ढकलतं. १० सेंमी खोलीवर चौरस मीटरला १०० किलो इतका तो दाब असतो. पट्ट्यांच्या मधला कापडाचा भाग हलकासा आत दबला होता, बोटाच्या अर्ध्या जाडीइतका. ताण नीट बसल्याची ती खूण. नौकेमागून येणारी लाट तळातून मांड्यांना जाणवते. एक यांत्रिक होडी लांबून गेली, तिची लाट आली तेव्हा सांगाडा खरोखर पिळला आणि परत आला. एकही गाठ करकरली नाही.

वल्ह्याच्या एका मारात होडी बरीच सरकते. थांबायलाही तितकीच तयार, वजनच नाही. वारा बाजूने आला की टोक वाऱ्याबरोबर वळू लागतं. मी मध्यापासून थोडी पुढे सरकले तेव्हा ते कमी झालं. तिवरांच्या आत जाऊन पाहिलं, मुळांच्या खुंट्यांवरून घासपट्टी सरकत गेली.

तांडेल काका धक्क्यावर उभे होते. त्यांनी पालथी होडी एका हाताने काठाला धरून उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग गाठी मोजल्यासारख्या एकेक बोटाने दाबून पाहिल्या आणि विचारलं, "माका बसूक गावात?" म्हणजे मला बसायला मिळेल? पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस माझ्या होडीत बसून पलीकडे गेला आणि परत आला. वल्हं मारायची त्यांची पद्धत बघून माझ्या वल्ह्याची मूठ बोटभर लांब हवी हे कळलं.

२ मार्च

आतून पुसून पाहणी. पुढच्या नाळेच्या टाक्यांजवळ ओल. टाक्यांवर पॉलियुरेथेनचा आणखी एक हात आणि वरून कापडाची पट्टी चिकटवली. बाकी सगळं कोरडं. तळाच्या दोन गाठी, बसायच्या जागेखालच्या, लाकूड दबल्यामुळे किंचित सैल. त्या कापून नव्याने बांधल्या, पाच मिनिटांचं काम.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर होडी दर वेळी गोड्या पाण्याने धुवायची. पावसाळ्यात पडवीच्या वाशांना टांगायची, जमिनीवर ठेवायची नाही, उंदीर मेणाचा दोरा कुरतडतात. उन्हात वापरून झालं की सावलीत. अतिनील किरणांनी पॉलिएस्टरही हळूहळू अशक्त होतो.

तांडेल काकांना त्यांच्या मापाची हवी आहे, ४.८ मीटर आणि थोडी रुंद, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा आडव्या दांड्यांवरचा तरंगता ओंडका. आबांना माणगा राखून ठेवायला सांगितलाय, तोड दिवाळीनंतर.